यंत्राची हांक

ज्या विषयावर आज लिहिण्याचें योजिलें आहे तो ऐकून कांहीं वाचक हंसतील, आणि त्यांच्या हंसण्यास मी दोष देणार नाहीं. संगणकाकडून एक लहानसा आवाज, ज्याला सर्वत्र 'बीप' म्हणतात तो, काढवून घेणें ही कांहीं इतिहासाच्या अभ्यासकानें लेखणी झिजवावी अशी गोष्ट दिसत नाहीं. राज्यें, लढाया आणि तह सोडून एका प्राध्यापकानें यंत्राच्या चिवचिवाटामागें लागावें, हें त्याच्या वयाला शोभत नाहीं, असेंहि कोणी म्हणेल. परंतु आम्हां लोकांस एक खोड जडलेली असते. एखादी वस्तु जागच्या जागीं असते तोंपर्यंत तिच्याकडे आमचें लक्ष जात नाहीं. ती नाहींशी झाली म्हणजे मात्र ती कोठून आली होती, कोणाच्या उपयोगी पडत होती व कोणी घालविली, या प्रश्नांनीं आम्ही अस्वस्थ होतों. माझें तसेंच झालें.

गेल्या पावसाळ्यांत एका जुन्या दप्तराच्या कांहीं हजार छायाचित्रांची क्रमवार मांडणी करण्याचें काम मीं संगणकाकडे सोंपविलें. त्यासाठीं चार ओळींची एक स्क्रिप्ट, म्हणजे यंत्रानें एकामागून एक पाळावयाच्या आज्ञांची यादी, स्वतःच लिहिली. काम दोन-अडीच तासांचें होतें. तोंवर पलीकडच्या खोलींत बसून उत्तरपत्रिका तपासाव्या आणि काम संपतांच यंत्रानें हांक मारावी, म्हणून पांचवी ओळ अशी घातली कीं, यंत्रानें शेवटीं घंटेचें अक्षर छापावें. ही युक्ति मीं तीस वर्षांपूर्वीं शिकलों होतों आणि ती कधीं चुकली नव्हती. या वेळीं मात्र गठ्ठा संपला, चहा झाला, दिवेलागण झाली, तरी हांक आली नाहीं. उठून पाहतों तों काम केव्हांच पुरें झालेलें! यंत्रानें पांचवी ओळ वाचली होती, पाळलीहि होती. पण तिचा आवाज कोठेंच झाला नव्हता. पडद्याच्या कडेस घंटेचें एक चिमुकलें चित्र तेवढें उमटून राहिलें होतें.

त्या संध्याकाळीं मला मामांची आठवण झाली. सन १९९३ मध्यें मी एका तालुक्याच्या गांवच्या महाविद्यालयांत अध्यापक म्हणून रुजू झालों, तेव्हां तेथें नुकतीच संगणकांची एक खोली थाटली होती. तिची झाडलोट व कुलूपकिल्ली ज्या शिपायाकडे होती, त्यांस विद्यार्थ्यांपासून प्राचार्यांपर्यंत सर्वजण 'मामा' म्हणत. मामांचें शिक्षण मराठी चौथीपर्यंतचें; इंग्रजीचें एक अक्षरहि त्यांस येत नसे. परंतु सकाळीं एकेक यंत्र सुरू करून ते कान देऊन ऐकत. एक आंखूड आवाज आला कीं समाधानानें पुढच्या यंत्राकडे वळत. एक लांब आणि दोन आंखूड आवाज आले, तर पेटीचें झांकण काढून आंतलें पडद्याचें कार्ड अंगठ्यानें घट्ट बसवीत, आणि बहुतेक वेळां तेवढ्यानें यंत्र सुधारे. आम्हां पदवीधरांच्या हातांत इंग्रजी माहितीपुस्तकें होतीं; पण यंत्र अडलें म्हणजे 'मामा, जरा बघा हो' असें म्हणण्याची पाळी आमच्यावरच येई. एकदां मीं त्यांस विचारलें, "मामा, तुम्हांला हें कळतं कसं?" ते म्हणाले, "सर, लेकराला बोलतां येत नसलं तरी रडण्यावरनं कळतंच की, भूक लागलीय का पोट दुखतंय."

ज्या आवाजामुळें मामांस यंत्राचें मन कळत होतें तो आवाज आला कोठून व गेला कोठें, हें पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

या शोधांत पहिली गोष्ट ध्यानांत येते ती ही कीं, हांक मारणारी घंटा संगणकाहून फार जुनी आहे. किंबहुना ती विजेच्या संदेशाबरोबरच जन्मली. सन १८३७ मध्यें इंग्लंडांत कुक व व्हीट्स्टन या दोघांनीं तारायंत्राचें जें एकस्वपत्र मिळविलें, त्याच्या मथळ्यांतच विजेच्या प्रवाहानें दूरच्या स्थळीं संकेत देणें आणि गजर करणें, अशा दोन्ही गोष्टींचा उल्लेख आहे. ही जोडी सहज पडलेली नव्हे. सुई हलून अक्षर दाखवील हें खरें. पण पलीकडचा मनुष्य नेमका त्याच क्षणीं सुईकडे पाहत असेल, याची हमी कोणी द्यावी? डोळा एका वेळीं एकाच दिशेस पाहतो आणि कंटाळला म्हणजे मिटतो. कानाला पापणी नाहीं. म्हणून आधीं कानास हांक मारावयाची व मग डोळ्यास मजकूर दाखवावयाचा, हा क्रम अगदीं आरंभापासून ठरून गेला.

अमेरिकेंत मोर्सच्या यंत्रानें तर निराळीच गंमत केली. त्याच्या मूळ योजनेंत संदेश कागदाच्या पट्टीवर टिंबें व रेघा यांच्या रूपानें उमटावयाचा होता, आणि तो डोळ्यांनींच वाचावयाचा होता. पण पट्टीवर खुणा करतांना यंत्राचा जो कडकट्ट आवाज होई, तो ऐकून ऐकून तारमास्तर पट्टीकडे न पाहतांच मजकूर लिहून घेऊं लागले. सन १८५० नंतरच्या दशकांत पट्टी मागें पडून केवळ आवाज करणारें उपकरण तिच्या जागीं येऊं लागलें. यंत्र रचणाऱ्यानें डोळ्यासाठीं जें केलें होतें, तें चालविणाऱ्यानें कानाकडे ओढून नेलें. मामांनीं जें केलें तें त्यांच्या आधीं शंभरांहून अधिक वर्षें तारमास्तरांनीं करून ठेविलें होतें.

यापुढची पायरी अधिक महत्त्वाची आहे. फ्रान्समधील बोदो यानें सन १८७४ मध्यें ज्या पद्धतीचें एकस्व घेतलें, तींत प्रत्येक अक्षराला पांच स्पंदनांचा सारखा सांचा होता. प्रत्येक स्पंदन असेल किंवा नसेल. म्हणजे पांचांचे मेळ बत्तीसच होतात. इंग्रजीचीं सव्वीस अक्षरें त्यांत बसविलीं कीं आंकड्यांना जागा उरत नाहीं. म्हणून एकच मेळ कधीं अक्षर तर कधीं आंकडा समजावा, अशी तोड निघाली. विसाव्या शतकाच्या आरंभीं मरे यानें या पद्धतीस टंकयंत्राला साजेसें रूप दिलें, आणि त्यांतून टेलिप्रिंटरची वर्णमाला तयार झाली. तोंपर्यंत घंटा ही तारेच्या टोकाला टांगलेली निराळी वस्तु होती. आतां तिला खुद्द वर्णमालेंत घर मिळालें. आंतरराष्ट्रीय वर्णमालेंत 'जे' या अक्षराच्या मेळास आंकड्यांच्या बाजूनें घंटेचा अर्थ दिला गेला. अमेरिकन यंत्रांत तोच मान 'एस'कडे गेला. बत्तीस खोल्यांच्या त्या चाळींत अक्षरें, आंकडे व विरामचिन्हें दाटीवाटीनें राहत होतीं. तरीहि एक बिऱ्हाड घंटेसाठीं राखून ठेवावें, असें त्या व्यवहारी लोकांस वाटलें, यावरून तिची गरज केवढी होती हें दिसतें.

वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत या घंटेचा एक शिष्टाचारच ठरून गेला होता. बातमी जितकी मोठी, तितके घंटेचे ठोके अधिक. २२ नोव्हेंबर १९६३ रोजीं डॅलस शहरांत राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हां मिनिटांच्या आंतच वृत्तसंस्थांचे टेलिप्रिंटर वाजूं लागले. त्या दिवशीं संपादक यंत्राकडे धांवले ते अक्षरें वाचून नव्हे. अक्षरें त्यांनीं मागाहून वाचलीं.

योगायोग असा कीं, त्याच १९६३ सालच्या जून महिन्यांत अमेरिकेंत 'आस्की' नांवाची नवी सांकेतिक वर्णमाला प्रसिद्ध झाली होती. आज जगांतील बहुतेक सर्व संगणकांच्या लेखनाचा पाया तीच आहे. तिचा सांचा सात स्पंदनांचा, म्हणून घरें १२८. आणि घरांचे क्रमांक शून्यापासून मोजलेले. आरंभीं सारीं घरें भरलीं नव्हतीं. इंग्रजीचीं लहान अक्षरें मागाहून आलीं. परंतु क्रमांक ७ च्या घरांत घंटा पहिल्या दिवसापासून आहे. इंग्रजी वर्णमालेंत 'जी' हें सातवें अक्षर. त्याचा क्रमांक ७१. कंट्रोल नांवाची कळ दाबून 'जी' दाबला म्हणजे ७१ तून ६४ वजा होतात व ७ उरतात, आणि घंटा वाजते. त्याच वर्षीं निघालेल्या 'टेलिटाइप ३३' या यंत्राच्या 'जी' या कळीवर घंटेचें नांवहि कोरलेलें असे. यंत्राच्या पोटांत खरीखुरी धातूची घंटा होती. सेकंदाला दहा अक्षरें छापीत असतां मध्येंच सातव्या क्रमांकाचें अक्षर आलें, कीं कागद कोरा राही व घंटेवर ठोका पडे.

या अक्षरापाशीं क्षणभर थांबणें जरूर आहे. आपल्या प्राचीन वैयाकरणांनीं वर्ण हा मुळांत ध्वनि मानला. लिपींतील आकृति ही त्याची मागाहून काढलेली खूण. तारायंत्राच्या वर्णमालेंत याच्या उलट प्रकार आहे. तींतील 'ए', 'बी', 'सी' या आकृति आहेत, व त्या मुक्या आहेत. यंत्र त्या छापतें, उच्चारीत नाहीं. एक घंटाच अशी, कीं जिला आकृति नाहीं आणि ध्वनि मात्र आहे. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. आस्कीच्या पहिल्या बत्तीस घरांत हुकूम राहतात : ओळ बदल, कागद सरकव, संदेश संपला. हे सारे हुकूम एका यंत्रानें दुसऱ्या यंत्रास दिलेले. त्यांत घंटा तेवढी यंत्राशीं बोलत नाहीं; ती यंत्राच्या पलीकडे बसलेल्या माणसाशीं बोलते. 'इकडे ये' एवढेंच तिचें म्हणणें. आणि तें कळावयास लिहितां-वाचतां यावें लागत नाहीं.

येथवर घंटेचा एक वंश झाला. दुसरा वंश निराळ्या घरचा आहे. कारण पहिले संगणक तारायंत्राच्या घंटेची वाट पाहत बसले नव्हते. सन १९४९ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियांतील सिडनी येथें जो संगणक चालूं लागला आणि ज्याला पुढें 'सिझरॅक' हें नांव मिळालें, त्याला एक स्पीकर जोडलेला होता. त्या यंत्राची स्मृति पाऱ्यानें भरलेल्या नळ्यांत असे. आंकडे पाऱ्यांतून ध्वनिलहरींच्या रूपानें धांवत, टोकास पोंचतांच विजेंत रूपांतर पावत, व पुन्हां आरंभीं सोडले जात. म्हणजे यंत्राची स्मृति हाच मुळीं एक ध्वनि होता. पण माणसाच्या कानास तो ऐकूं येत नव्हता. म्हणून आंत काय चाललें आहे हें कळण्यासाठीं स्पीकरची योजना झाली. स्पीकरला एक स्पंदन दिलें कीं 'टक्' होतें. तीच आज्ञा यंत्रास पुनःपुन्हां फेऱ्यांत पाळावयास लाविली, कीं टक्-टक् इतकी जलद होते कीं कानाला एकच अखंड सूर वाटतो. फेरा लांबविला तर सूर उतरतो, आंखडला तर चढतो. आजच्या बीपचेंहि सारें रहस्य एवढेंच आहे. सन १९५१ मध्यें या यंत्रानें लोकांपुढें सुरावटहि वाजवून दाखविली.

इंग्लंडांत मँचेस्टर विद्यापीठांत सन १९५१ च्या आरंभीं फेरांटी कंपनीचा संगणक आला. त्यासाठीं अ‍ॅलन ट्यूरिंग यांनीं जी मार्गदर्शिका लिहिली, तींत भोंगा कसा वाजवावा याचें विवेचन आहे. ट्यूरिंग यांस यंत्राकडून गाणीं वाजवून घेण्यांत फारसा रस नव्हता. त्यांनीं वेगवेगळे सूर वेगवेगळ्या प्रसंगांस नेमून दिले : एखादा सूर काम संपल्याचा, एखादा चूक झाल्याचा. गाणें वाजविलें तें ख्रिस्तोफर स्ट्रेची यांनीं. हे त्या वेळीं हॅरो येथील शाळेंत शिक्षक होते. त्यांनीं एक प्रचंड लांबीची आज्ञावली लिहून आणिली आणि रात्रभर यंत्रापाशीं बसून ती चालविली. सारें काम बिनचूक पार पडल्यावर यंत्रानें शेवटीं ब्रिटिश राष्ट्रगीताची धून वाजविली. त्याच वर्षीं बी. बी. सी. नें त्या यंत्राच्या संगीताचें ध्वनिमुद्रण केलें. ती तबकडी चुकीच्या गतीनें वाजत असे. सन २०१६ मध्यें न्यूझीलंडांतील जॅक कोपलंड व जेसन लाँग यांनीं ती गति सुधारून मूळ सूर पुन्हां ऐकवले. या हकीकतींत लोकांचें लक्ष राष्ट्रगीताकडे जातें. माझें लक्ष त्याच्या जागेकडे जातें. तें आज्ञावलीच्या अखेरीस होतें. 'काम झालें, या,' असें सांगणारी ती हांकच होती. तिला राजवस्त्र तेवढें नेसविलें होतें.

तारेची घंटा व संगणकाचा भोंगा हे दोन वंश पुढें एकत्र आले. सन १९६९ पासून अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळांत युनिक्स ही प्रणाली घडत होती, आणि तिचे कर्ते टेलिटाइपच्या यंत्रांवर बसूनच संगणकाशीं बोलत होते. त्यामुळें सातव्या क्रमांकाचें अक्षर 'छापणें' म्हणजे समोरच्या माणसास हांक मारणें, हा अर्थ त्या प्रणालींत सहजच उतरला. पुढें कागदाच्या जागीं कांचेचा पडदा आला, धातूची घंटा गेली. पण १९७८ च्या प्रसिद्ध 'व्हीटी १००' सारख्या पडदायंत्रांतहि घंटेच्या जागीं आवाज करण्याची सोय मुद्दाम ठेविली होती. सन १९८९ मध्यें 'सी' या संगणकभाषेचें अधिकृत प्रमाण ठरलें, तेव्हां सात हा आंकडा पाठ करावा लागूं नये म्हणून या अक्षरास एक सुटसुटीत खूण दिली गेली : उलटी तिरपी रेघ व तिच्यापुढें इंग्रजी 'ए'. आजहि 'प्रिंटएफ' ही आज्ञा लिहून तिच्यापुढें अवतरणचिन्हांत ही खूण घातली, कीं स्क्रिप्ट पुरी झाली. माझी पांचवी ओळ ती हीच. येथें एक गोष्ट नीट लक्षांत ठेवावी. ही ओळ आवाज करीत नाहीं. ती केवळ एक अक्षर पाठविते. तें वाजवावयाचें कीं नाहीं, हें घेणाऱ्याच्या मर्जीवर आहे.

घरगुती संगणकांनीं हा आवाज सामान्य माणसाच्या हातीं दिला. सन १९७७ च्या 'अ‍ॅपल २' मध्यें स्टीव्ह वॉझ्निअ‍ॅक यांनीं अशी रचना केली होती कीं, स्मृतीच्या एका ठराविक पत्त्यास, क्रमांक ४९,२०० यास, नुसता स्पर्श केला कीं स्पीकरचा पडदा एकदां हलावा. बाकीचें सारें फेऱ्याच्या लांबीवर. ऑगस्ट १९८१ मध्यें निघालेल्या आय. बी. एम. च्या पी. सी. मध्यें हें काम एका स्वतंत्र कालमापक चिपकडे होतें. तिला सेकंदाला सुमारे ११,९३,१८२ ठोके मिळत. त्या संख्येस आपण देऊं त्या आंकड्यानें भागून ती स्पीकर हलवी. २,७१२ नें भागा, कीं ४४० आंदोलनांचा सूर निघाला. हा अकरा लाखांचा विचित्र आंकडा आला कोठून? अमेरिकेच्या रंगीत दूरचित्रवाणीसाठीं जी वारंवारता ठरलेली होती, तिच्या चौपट कंपनाचा स्फटिक त्या यंत्रांत बसविला होता, व त्याला बारांनीं भागून हे ठोके मिळत. 'बेसिक' या भाषेंत तर 'बीप' हा एकच शब्द लिहिला, कीं ८०० आंदोलनांचा सूर पाव सेकंद वाजे.

याच यंत्रांत मामांच्या विद्येचें मूळ आहे. यंत्र सुरू होतांच तें प्रथम स्वतःची तपासणी करी. स्मृति, कळफलक, पडद्याचें कार्ड, सर्व ठीक असलें तर एक आंखूड आवाज. पण पडद्याचेंच कार्ड बिघडलें असेल, तर तें सांगावें कोठें? पडद्यावर लिहितां येत नाहीं, कारण पडदाच अंधारांत आहे. म्हणून त्या बिघाडास एक लांब व दोन आंखूड अशी खूण नेमलेली होती. जेथें लिपि हतबल होते तेथें ध्वनीनें पुढें यावें, हें तत्त्व त्यांत होतें. आणि लिपि जशी यंत्राच्या बिघाडानें हतबल होते, तशीच ती परकी असली म्हणजेहि होते. यंत्रकर्त्यांनीं पहिल्या अडचणीचा विचार केला होता. दुसरी त्यांच्या मनांतहि नव्हती. पण एकीवरचा उपाय दुसरीवरहि लागू पडला, आणि इंग्रजी न जाणणारा एक शिपाई आमच्या प्रयोगशाळेचा वैद्य झाला.

पुढें यंत्रांत देवनागरी आली. सन १९९१ च्या भारतीय प्रमाणांत, ज्याला 'इस्की' म्हणतात, वरच्या अर्ध्या घरांत आपलीं अक्षरें बसविलीं व खालचीं १२८ घरें आस्कीसाठीं तशींच ठेविलीं. आजच्या युनिकोडमध्येंहि तीं जशींच्या तशीं आहेत. म्हणजे आपण जो मराठी मजकूर संगणकावर लिहितों, त्याच्या तळमजल्यावर सातव्या घरांत ती घंटा अजून नांदत आहे. घर आहे, नांव आहे. आवाज मात्र गेला.

तो घालविला कोणी? कोणा दुष्टानें नव्हे. सन १९९० च्या दशकांत ध्वनिकार्डें स्वस्त झालीं, यंत्रांतून गाणीं ऐकूं येऊं लागलीं, आणि जुना चिरका स्पीकर हा एक अडगळीचा भाग ठरला. विंडोजच्या ६४-बिटी एक्सपी व व्हिस्टा या आवृत्त्यांत बीपची जुनी सोय काढून टाकली होती. सन २००९ च्या विंडोज ७ मध्यें ती परत आली, पण जुन्या स्पीकरऐवजीं ध्वनिकार्डाच्या वाटेनें. उबुंटू या लिनक्सच्या लोकप्रिय आवृत्तींत अंतर्गत स्पीकर मुळापासूनच बंद ठेवण्यांत येऊं लागला; कारण सांगितलें तें गोंगाटाचें. सन २०१८ मध्यें तर एक उपहासास्पद प्रकार उघडकीस आला. लिनक्सवर 'बीप' याच नांवाची एक छोटी आज्ञावली आहे. सामान्य माणसाच्या आज्ञेस स्पीकरला हात लावण्याची मुभा नसल्यामुळें कांहीं ठिकाणीं तिला सर्वाधिकार देऊन ठेविले होते, आणि त्या अधिकारांच्या फटींतून परक्यास सारें यंत्र ताब्यांत घेतां येईल, असें आढळलें. देवळांतली घंटा वाजवितां यावी म्हणून गाभाऱ्याची किल्ली द्यावी, तसा तो प्रकार झाला. दुरुस्ती लगोलग झाली. पण घंटेबद्दलचा संशय वाढला असल्यास नवल नाहीं.

गोंगाटाची तक्रार खोटी नव्हती, हेंहि सांगितलें पाहिजे. एका दालनांत पन्नास यंत्रें आणि प्रत्येकाला चूक दिसली कीं ओरडण्याची संवय, मग काम कसें व्हावें? आवाजाऐवजीं पडदा क्षणभर उजळविण्याची युक्ति त्यामुळेंच निघाली. हांका फार झाल्या म्हणजे कान बधिर होतात, ही गोष्ट 'लांडगा आला रे आला' ऐकलेल्या पोरासहि ठाऊक आहे. सन २०१३ मध्यें अमेरिकेंतील रुग्णालयांस मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेस याविषयीं जाहीर इशारा द्यावा लागला : रुग्णांभोंवतींचीं यंत्रें इतके गजर करितात कीं, ऐकणाऱ्यांचे कान त्यांस सरावतात आणि खरी हांक दुर्लक्षिली जाते. तेव्हां घंटा कमी करणें हें कित्येक ठिकाणीं शहाणपणाचेंच होतें.

परंतु आवाज खरोखरच कमी झाला काय? माझ्या खिशांतील दूरध्वनि दिवसांतून किती वेळां किणकिणतो, हें मीं मोजलेलें नाहीं. पण त्यांतील बहुतेक किणकिणाट माझ्या कामाचा नसतो. कोणाला कांहीं विकावयाचें असतें, कोणाला माझें लक्ष हवें असतें. तारघरांतली घंटा ज्याच्यासाठीं संदेश आला त्याच्यासाठीं वाजे. ट्यूरिंगचा भोंगा ज्यानें काम सांगितलें त्याच्यासाठीं वाजे. मामांचा बीप यंत्राच्या आरोग्यासाठीं वाजे. त्या हांकेंत यंत्र चाकर होतें व माणूस धनी. आजचें यंत्र माझें काम संपल्याचें सांगावयास तोंड उघडीत नाहीं, आणि परक्याच्या मालाची दवंडी मात्र माझ्याच खिशांत पिटतें. म्हणजे हांक मारण्याची शक्ति नाहींशी झालेली नाहीं. ती कोणाच्या वतीनें वापरावयाची, तें बदललें आहे. घंटेच्या इतिहासाचें सार मला हेंच वाटतें, आणि म्हणूनच हा विषय मीं क्षुल्लक मानीत नाहीं.

कोणी म्हणेल, हें एका वृद्धत्वाकडे झुकणाऱ्या मनुष्याचें गतकालप्रेम आहे. असेलहि. परंतु आमच्या महाविद्यालयांत मामांच्या जागीं आज जो तरुण आहे, तो त्यांच्याहून अधिक शिकलेला असून अधिक परावलंबी आहे, हें मीं रोज पाहतों. यंत्र अडलें म्हणजे पडद्यावर निळ्या पाटीवर चार ओळी इंग्रजी येतात, आणि तो बिचारा कोणी अध्यापक येईपर्यंत हात बांधून उभा राहतो. यंत्र त्याच्याशीं बोलत नाहीं, त्याच्या डोक्यावरून आमच्याशीं बोलतें. मामांच्या कानांत जें ज्ञान होतें तें पुढच्या पिढीला देतां आलें नाहीं, कारण ज्या आवाजावर तें उभें होतें तो आवाजच उरला नाहीं.

माझ्या स्क्रिप्टची गोष्ट सांगून हें लांबलेलें पुराण संपवितों. शोध करतां असें आढळलें कीं, यंत्र नादुरुस्त नव्हतें. घंटा बंद ठेवण्याची कळ विकत घेतांनाच बंद करून दिलेली होती, आणि ती उघडण्याचा अधिकार माझाच होता. ती मीं उघडली. दुसऱ्या दिवशीं दप्तराचा दुसरा भाग यंत्राच्या स्वाधीन करून पलीकडे जाऊन बसलों. दोन तासांनीं आवाज आला. तो जुन्या स्पीकरचा खणखणीत सूर नव्हता, ध्वनिकार्डांतून निघालेलें मवाळ 'टुण्' होतें. तरी मी उठून गेलों. दारांत आमचा तो तरुण शिपाई उभा होता. त्यानेंहि ऐकलें होतें. "सर, काय झालं त्याला?" त्यानें विचारलें. मीं म्हटलें, "कांहीं नाहीं रे, काम झालं म्हणतंय." तो आंत आला, आणि तें कसें वाजवावयाचें हें मला दाखवा, असें म्हणाला. मीं त्याला ती पांचवी ओळ दाखविली.